क्रूझवर जायचंय: गावातला एजंट, आरपीएसएलचं ऑफिस की थेट कंपनी?

हॉटेल मॅनेजमेंट झालंय, गोव्यात किंवा पुण्यात एक-दोन सीझन काढलेत आणि आता शिपवर जायचं डोक्यात घोळतंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक), इंडोस (खलाशाचा नोंदणी क्रमांक), बेसिक कोर्स, सीवन-डी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा अमेरिकन) व्हिसा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. प्रश्न एवढाच, की कोणाचं दार ठोठवायचं: गावातल्या एजंटचं, आरपीएसएल म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचा सरकारी परवाना असलेल्या ऑफिसचं, की थेट कंपनीचं. मी सिंधुदुर्गातला, पत्रादेवीपलीकडे गोव्यात हॉटेलात कामाला होतो आणि तिन्ही दारं फिरून मगच शिपवर गेलो. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. तरी तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, हे आधीच मान्य.

पहिलं दार गावातल्या एजंटचं. हल्ली त्याला कोणी एजंट म्हणत नाही. 'अकॅडमी' असते, नाहीतर 'मरीन कन्सल्टन्सी'. बसस्टँडपासून जवळ, वरच्या मजल्यावर, काचेच्या दारावर पांढऱ्याशुभ्र जहाजाचं स्टिकर. कोर्स, मेडिकल, सीडीसी आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट', सगळं एका पॅकेजात. आकडा लाखांत, पण हप्त्यांची सोय.

त्यांचं एक कबूल करायला हवं. फोन पहिल्या रिंगला उचलतात. रात्री साडेनऊला मेसेज टाका, उत्तर येतं. आईवडिलांना समोर माणूस दिसतो, चहा मिळतो, 'काळजी करू नका काका' ऐकायला मिळतं. मुंबईत कोण कुठला साहेब, त्यापेक्षा हा आपल्या तालुक्यातला, असा विचार घरचे करतात आणि त्यात काही वावगं नाही. काही जण कोर्सला खरोखर पाठवतातही. सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण त्या ऑफिसात गेलात की भिंतीवरच्या फ्रेमा वाचा. गुमास्ता, जीएसटी, उद्यम, आयएसओ. यातली एकही जहाजावर माणूस पाठवायची परवानगी देत नाही. कधी परराष्ट्र मंत्रालयाचा रिक्रूटिंग एजंटचा परवाना लावलेला दिसतो आणि तो खराही असू शकतो. मात्र तो १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालचा, दुबई-कतारच्या जमिनीवरच्या नोकऱ्यांसाठी. त्यात उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. जहाजासाठी लागतो तो डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचा आरपीएसएल, आणि तिथे उमेदवाराकडून भरतीचा एक रुपयाही घ्यायचा नाही. हे दोन परवाने बेमालूम मिसळून 'सरकारमान्य फी' नावाचा जो प्रकार तयार होतो, तो ऐकायला फार पटणारा असतो.

मी आरपीएसएलचा विषय काढल्यावर मला मिळालेलं उत्तर असं: "ते डेक आणि इंजिनवाल्यांना. तुम्ही हॉटेल स्टाफ, तुमचं वेगळं असतं." वेगळं काही नसतं. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, भारताने तो २०१५ साली स्वीकारला. त्यात जहाजावर कुठल्याही कामाला असलेला माणूस सीफेअरर, म्हणजे खलाशीच धरलाय. कॅप्टनपासून गॅलीत भांडी घासणाऱ्या युटिलिटीपर्यंत सगळे आले. त्याच करारात नोकरी लावून देण्याची फी घ्यायला बंदी आहे. मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च आपल्या खिशातून जाऊ शकतो, व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा. कोर्सची फी आपण इन्स्टिट्यूटला भरतो, तो मामला वेगळा.

आमचा एक मामा जुना बोटीवरचा. पॅकेजचा आकडा ऐकून तो एवढंच म्हणाला, "पगार तेणी देवचो, आणि पैशे आपण कित्याक भरूचे?" कन्व्हेन्शन वगैरे त्याने कधी वाचलेलं नाही.

तरीही मी त्या एजंटकडे गेलो होतो, कारण शिपच्या नोकरीची वाट पाहून कंटाळा आला होता. माझं मन फिरलं ते एका पावतीवरून. ही गोष्ट इतकी क्षुल्लक वाटेल, की तुम्ही म्हणाल यावरून कोण निर्णय घेतं. मी घेतला.

टोकन भरायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, पावतीवर 'क्रूझ शिपवरील नोकरीसाठी' एवढं लिहा. समोरच्याने पेन खाली ठेवलं. "तसं लिहिता येत नाही, ऑडिटला प्रॉब्लेम येतो." बरं, मग कंपनीचं नाव लिहा. "कंपनी नंतर ठरते ना." मग जॉइनिंग झालं नाही तर पैसे परत, एवढं तरी? त्यावर त्याने माझी समजूत घालायला पावतीपुस्तक उलटं फिरवून आधीच्या मुलांच्या कार्बन कॉप्या दाखवल्या. प्रत्येकीवर तेच: 'काउन्सेलिंग अँड डॉक्युमेंटेशन चार्जेस'. खाली तिरका जांभळा शिक्का, 'नॉन-रिफंडेबल'. अख्ख्या पानावर शिप हा शब्द नाही. तोंडाने मात्र शिप, डॉलर आणि मायामी याशिवाय दुसरा शब्द नव्हता.

आता विचार करा. पैसे बुडाले आणि पोरगा पोलिसांकडे गेला, तर त्याच्या हातात हाच कागद असणार. काउन्सेलिंगचे पैसे दिले, काउन्सेलिंग झालं, परत मिळणार नाहीत हे सही करून मान्य केलं. फसवणूक कुठे झाली ते त्याने दाखवायचं. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज जपून ठेवले असतील तर थोडा आधार, नाहीतर फीचा वाद म्हणून वर्षानुवर्षं हेलपाटे. तो माणूस लबाडच होता असा माझा दावा नाही. कदाचित त्याने चार मुलं पाठवलीही असतील. पण ज्या कामाचे पैसे घेतो त्या कामाचं नाव लिहायला जो कचरतो, त्याच्याकडे मी माझा पासपोर्ट ठेवणार नव्हतो. आणि हो, ओरिजिनल पासपोर्टही त्यांना 'फाइलला' हवा होता.

दुसरं दार आरपीएसएलवाल्यांचं. इथे उलटा अनुभव. मुंबईत जा, खाली वॉचमनच्या वहीत नाव लिहा, वर बाकड्यावर बसा. कोणी काका म्हणत नाही, चहा तर नाहीच. फोन लागत नाही, लागला तर 'मेल टाका', आणि मेलला उत्तर येईलच असं नाही. इंटरव्ह्यूही खराखुरा. माझ्या वेळी आधी ऑफिसातल्या बाईंनी इंग्रजी तपासलं, मग कंपनीच्या माणसाने व्हिडिओवर मदर सॉसेसपासून सुरुवात केली. चिकन आतून किती तापमानाला शिजलं म्हणायचं, पाहुणा दारू पिऊन भांडायला लागला तर काय करशील, असं बरंच काही. बाजूच्या केबिनमधून एक मुलगा नापास होऊन बाहेर आला. ते बघून मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. नापास करणारी जागा आहे म्हणजे निवड होत असावी. गावातल्या ऑफिसात माझं सिलेक्शन बायोडेटा न उघडताच झालं होतं.

पावतीचं म्हणाल, तर तिथे पावती मागायची वेळच आली नाही. मेडिकलचे पैसे डीजी शिपिंगमान्य डॉक्टरकडे, पावती त्याची. कोर्सचे इन्स्टिट्यूटला, पावती त्यांची. सीडीसीची फी सरकारी पोर्टलवर, पावती तिथली. ऑफिसच्या काउंटरवर द्यायला काही उरलंच नाही. ज्याचे त्याला, ज्या कामाचे त्या नावाने. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

आता याची दुसरी बाजू. परवाना आहे म्हणून सगळे धुतल्या तांदळासारखे असतील असं नाही. 'आतून करून देतो' म्हणणारा एखादा माणूस चांगल्या ऑफिसच्या लिफ्टपाशीही भेटतो. बोगस लोक दुसऱ्याचा आरपीएसएल नंबर बिनदिक्कत आपल्या लेटरहेडवर छापतात आणि विचारलं की 'ती आमची मदर कंपनी' म्हणतात. म्हणून नंबर दिसला की डीजी शिपिंगच्या साइटवरच्या यादीत शोधा. परवाना चालू आहे की निलंबित ते पाहा, आणि यादीतल्या फोनवर विचारा की अमुक पत्त्यावरचं ऑफिस तुमचंच का. लेटरहेडवरच्या नंबरावर विचारून उपयोग नाही, तो उचलणारा त्यांचाच. बेलापूरकडे तर जुन्या नामांकित कंपन्या आणि महिन्याभरात गाशा गुंडाळणारे एकाच रस्त्यावर सापडतात. इमारत चकचकीत आहे यावर जाऊ नका.

परवानाधारकाचा आणखी एक फायदा बिनसल्यावर कळतो. त्याची बँक गॅरंटी सरकारकडे असते. तक्रार झाली तर परवाना निलंबित होऊ शकतो, म्हणजे त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. कन्सल्टन्सीवाला फार तर बोर्ड बदलतो.

त्रास म्हणाल तर वाट पाहण्याचा, आणि तो कमी लेखू नका. सिलेक्शन झालं तरी जॉइनिंग पुढे सरकत राहतं. जहाज ड्राय डॉकला, म्हणजे दुरुस्तीला जातं, व्हिसाची तारीख मिळत नाही, जहाजच बदलतं. माझ्याबरोबर पास झालेला एक मुलगा कंटाळून परत कोलव्याला गेला आणि तिथेच रमला. म्हणून हातातली नोकरी सोडायची घाई करू नका. सही झालेलं सीफेअरर एम्प्लॉयमेंट ॲग्रीमेंट आणि तिकीट हातात पडलं, की मग राजीनामा. व्हिसासाठी पासपोर्ट द्यावा लागतो तेव्हा द्या, पण कशासाठी घेतला ते लिहून घ्या.

तिसरं दार थेट कंपनीचं. यावर फार लिहित नाही, कारण नव्या मुलासाठी ते बऱ्याचदा फिरून दुसऱ्या दारालाच येऊन मिळतं. साइटवर अर्ज भरलात की आभाराचा मेल येतो आणि पुढे शांतता, नाहीतर भारतातल्या हायरिंग पार्टनरकडे जा असा निरोप. पण त्या साइटचा एक उपयोग मोलाचा आहे. काही मोठ्या कंपन्या आपले पार्टनर कोण, हे देशवार तिथे देतात. उलट दिशेने शोधायचं: आधी कंपनीची साइट, तिथून पार्टनरचं नाव, मग ते नाव डीजी शिपिंगच्या यादीत. दोन्हीकडे जुळलं की निम्मी धाकधूक संपते. मी तेच केलं.

याच दाराच्या नावावर सगळ्यात स्वस्तातली फसवणूक चालते. व्हॉट्सॲपवर थेट ऑफर लेटर येतं. वर कंपनीचा लोगो, खाली कॅप्टनची सही, पगार असा की वाचणाऱ्याला घाम फुटावा, आणि मेलचा पत्ता जीमेलचा, नाहीतर कंपनीच्या नावाला 'करिअर्स' चिकटवून बनवलेला. शेवटच्या परिच्छेदात 'परत मिळणारं' डिपॉझिट किंवा व्हिसाची फी, आणि खातं कोणातरी खासगी माणसाचं. कॅप्टन वेटर भरत नाही, हे शिपवर एक कॉन्ट्रॅक्ट काढलेल्या कुणालाही विचारा. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलसारख्या कंपन्यांनी आपल्या साइटवरच सांगून ठेवलंय, की भरतीसाठी आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्याबाहेर निघायच्या आत रोखले तर रोखले.

थेट दार खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते एक-दोन कॉन्ट्रॅक्ट झाल्यावर. शिपवरचा अनुभव आणि चांगलं अप्रेझल हाताशी असेल तर कंपनी स्वतः विचारते. पहिल्या खेपेला त्याच्या भरवशावर बसून राहू नये असं मला वाटतं. अर्ज मात्र भरून ठेवा, फुकटच आहे.

मग गावातल्या एजंटकडे जायचंच नाही का? कोर्ससाठी कोणाला जावंसं वाटत असेल तर मी अडवणार नाही. फक्त इन्स्टिट्यूट कोणती ते विचारा, ती डीजी शिपिंगमान्य आहे का पाहा, फी थेट इन्स्टिट्यूटच्या खात्यात भरा आणि पावतीवर कोर्सचं नाव घ्या. 'बाकीचं नंतर बघू' म्हणून वरचे पैसे आज मागितले, तर तो विषय तिथेच थांबवा. कोर्सची सर्टिफिकेटं तुमच्या नावावर असतात, ती घेऊन कुठल्याही आरपीएसएल ऑफिसात जाता येतं. दुसऱ्या देशाची सीडीसी 'लवकर काढून देतो' म्हणाला तर मात्र कोर्सही त्याच्याकडून करू नका.