वही घालून पाहिलेला पत्रकार: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मार्च २०२४ मध्ये लोकसभेची घोषणा झाली, त्याच आठवड्यात एका मराठी राजकीय पत्रकाराच्या यूट्यूब चॅनेलचं पैसे भरून सभासदत्व घेतलं. डिसेंबरअखेर बंद केलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं त्यांच्या पक्षावर जातं, कामावर राहत नाही. मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. हाताला सवयच, म्हणून त्यांचीही वही घातली. डाव्या पानावर ते काय म्हणाले ते तारखेसकट, उजव्या पानावर पुढे काय झालं ते.

अंदाज बरोबर आला की चुकला, एवढंच बघणं महिन्याभरात सोडून दिलं. आपल्या राज्यात त्याला अर्थ नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला पेपर दारात पडले ते उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणत, आणि चहा होईपर्यंत राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलाही होता. ३० जून २०२२ ला दुपारपर्यंत जो तो फडणवीसांचं नाव घेत होता, झाले शिंदे. तिथे चुकला म्हणून कुणाला खोटारडा ठरवायचं?

आधी चांगलं सांगतो. एप्रिलमध्ये हे गृहस्थ स्वतः सांगलीत आले. मिरजेत, जतला फिरले. महाविकास आघाडीने जागा ठाकरेंच्या शिवसेनेच्या चंद्रहार पाटलांना दिली होती आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे होते. काँग्रेसचा कार्यकर्ता दिवसा कुणाचा झेंडा धरतो आणि रात्री कुणाचं काम करतो, हे त्यांनी माणसांच्या तोंडून दाखवलं. मुंबईत बसून हे कळत नाही. विशाल पाटील साधारण लाखाच्या फरकाने निवडून आले, चंद्रहार तिसरे. त्या दिवशी डावं-उजवं पान तंतोतंत जुळलं आणि मी खूश.

त्याच संध्याकाळी पहिली खोट सापडली. ४ जूनचा निकाल असा: आघाडी ३०, महायुती १७, अपक्ष १. यांनी मात्र पहिल्या तासापासून आघाडी ३१ धरली. विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंबा पुढे दिला, हे खरंच. पण सांगलीकरांनी ते मत आघाडीच्या जागावाटपावर चिडून दिलं होतं, आणि ते चिडणं यांनीच एप्रिलमध्ये दाखवलं होतं! आकडा खोटा नव्हता, खातं बदललं होतं. आमच्या धंद्यात गफलत अशीच होते. रक्कम बरोबर असते, ती कुणाच्या नावे टाकली तिथे मेख असते.

मग मी क्रियापदं लिहायला लागलो. एका बाजूचा नेता ‘सांगतो’, ‘स्पष्ट करतो’, दुसऱ्या बाजूचा ‘दावा करतो’, ‘सारवासारव करतो’. एका बाजूच्या बंडखोराची ‘नाराजी’, दुसरीकडच्याची ‘गद्दारी’. सूत्रांचंही तसंच. यांची सूत्रं नेहमी महायुतीतली भांडणं सांगायची. आघाडीतली सूत्रं बहुधा रजेवर असायची.

जूनमध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचं प्रकरण झालं. रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले आणि मतमोजणी केंद्रातल्या मोबाईलवरच्या ओटीपीने ईव्हीएम उघडलं, अशी बातमी एका इंग्रजी दैनिकात आली. यांनी त्यावर चौदा मिनिटं घेतली. निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं की ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही, ते यंत्र कशालाच जोडलेलं नसतं. त्या दैनिकाने चूक कबूल करून माफी मागितली. यांनी खुलासा केला, पण चार दिवसांनी, दुसऱ्याच विषयाच्या व्हिडिओच्या शेवटी, अर्ध्या मिनिटात. केला हे मी जमेला धरतो. कित्येक जण तेवढंही करत नाहीत. जुना व्हिडिओ मात्र मथळ्यासकट तसाच राहिला.

सगळ्यात मोठी खोट मला वहीत सापडली नाही, दुकानात सापडली. लाडकी बहीण योजना जाहीर झाल्यावर यांनी तिला ‘रेवडी’ म्हणून निकालात काढलं, तिजोरीचं गणित मांडलं. गणित चूक नव्हतं. ऑगस्टच्या मध्यावर, राखीच्या आधी, आमच्याकडे हळद निवडायला येणाऱ्या बायकांपैकी एकीने पिवळ्या हाताने मोबाईल माझ्यापुढे धरला. “भाऊ, वाचा की काय आलंय.” बँकेचा मेसेज होता, तीन हजार जमा, दोन महिन्यांचे एकदम. मग दुसरीने धरला, मग तिसरीने. स्क्रीनवर बोटांचे पिवळे ठसे, आणि सुपं तशीच पडलेली. सांगलीत येऊन कार्यकर्त्यांचं मन ओळखणारा हा माणूस त्यानंतर तीन महिने अशा एकाही बाईसमोर माईक घेऊन बसला नाही. एप्रिलमध्ये पाय निघाले, कारण हाती लागणारी बातमी त्यांना आवडणारी होती. ऑगस्टमध्ये पाय निघाले नाहीत.

नोव्हेंबरात विधानसभेला ते अटीतटीची लढत म्हणत राहिले. २३ तारखेला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. निकालानंतरच्या पहिल्या व्हिडिओत म्हणाले, “बहिणींची लाट मी आधीच सांगितली होती.” वही काढली, पानं दोनदा चाळली. कुठे नव्हतं. सभासदत्व बंद केलं ते या वाक्यासाठी.

मेहुणा महायुतीवाला. तो वही चाळून म्हणाला, “दाजी, याच्या चुका एवढ्या बारीक लिहिल्यात, मग ऑगस्टचं पान कोरं कसं?” त्या बायकांचे मेसेज मी स्वतः वाचून दाखवले होते, पण वहीत एक ओळ लिहिली नव्हती. मलाही लढत अटीतटीचीच हवी होती बहुतेक.

फुकटचे व्हिडिओ अजून बघतो. ते स्वतः गावात उभे असतील तर पूर्ण, स्टुडिओत बसले असतील तर दीडपट वेगाने. जानेवारीपासून मेहुण्याच्या लाडक्या पत्रकाराचीही वही घातली आहे. पहिली नोंद त्यालाच करायला लावली.