महालातलं बिनबोर्डाचं ड्रेपरीचं दुकान आणि आमचं नाट्य मंडळ

आधीच सांगून ठेवतो, ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे आणि दाढ्या-मुकुट भाड्यानं देणाऱ्या या दुकानाला बोर्ड नाही. नागपूरच्या महाल भागात चितार ओळीच्या आसपास जाऊन "ड्रेपरीवाले काका कुठं बसतात" असं विचारायचं, कोणीतरी हात दाखवतंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गल्लीत तीन चकरा मारल्या आणि शेवटी वरच्या खिडकीत दोरीवर क्लिपा लावून वाळत घातलेली दाढी दिसली तेव्हा कळलं. खरोखरची दाढी, म्हणजे नाटकातली खरोखरची, ऋषीची, पांढरी, नुकतीच शाम्पू केलेली.

आम्ही म्हणजे भिवापूर तालुक्यातल्या एका गावाचं हौशी नाट्य मंडळ. मी नोकरीसाठी नागपुरात राहतो म्हणून ड्रेपरी नेण्या-आणण्याची ड्युटी गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे, आणि सहा वर्षांत या माणसाशी इतकं भांडलो आणि इतका चहा पिलो की रिव्ह्यू लिहिण्याचा हक्क आपला बनतो.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. भाऊबीजेपासून आमच्या इकडे गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, दिवसभर पाळणे, मिठाई, लेकी-जावई, पाहुणे, आणि रात्री दंडार, म्हणजे नाच-गाण्याचा लोकखेळ, नाहीतर नाटक. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरला की पटाच्या रात्री परत नाटक. दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि लोक पहाटे घरी जातात, मधे कोणी उठत नाही, झोपले तर तिथंच चादरीत झोपतात. आता बहुतेक गावं वडश्याहून नाटक घेतात. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्हा, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथं आहेत, मंडळानं जायचं, बयाणा द्यायचा, तारीख घ्यायची, तिकिटं विकायची, बाकी सगळं कंपनी आणते. वाईट काही नाही त्यात, २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती या झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठीच, तेव्हा आमच्या पारावर जो माहोल होता तो काय सांगू, जसा काही गावातल्याच माणसाला मिळाला.

पण आमच्या मंडळाचं एकच आडमुठं धोरण, नाटक विकत घ्यायचं नाही, गावच्या पोट्ट्यांनीच करायचं. आजोबा सांगायचे की एका मंडईला ठरलेली पार्टी आलीच नाही, पाहुणे तर बोऱ्या टाकून बसलेले, मग दंडारीतले गडी आणि शाळेचे गुरुजी मिळून जे येत होतं ते रात्रभर करत राहिले आणि सकाळी मंडळ तयार झालं होतं. घटना नाही, ठराव नाही, फक्त दोन गोष्टी ठरल्या, आपलं आपण करायचं आणि तिकिटातून जे उरेल ते शाळेला द्यायचं. एका वर्षी पंखे लागले, एका वर्षी फक्त घड्याळ. ज्या वर्षी नाटक पडतं त्या वर्षी घड्याळच.

आता दुकान. वर जायला लाकडी जिना आहे, वाकून जायचं नाहीतर डोकं फुटतं (माझं दोनदा). आत दोन खोल्या, छतापर्यंत पत्र्याच्या पेट्या, डांबराच्या गोळ्यांचा आणि दाढी-मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा असा मिक्स वास की कपड्याला दोन दिवस राहतो आणि बायको विचारते कुठं गेला होता. अंगरखे, सुरवारी, शेले, जिरेटोप, पगड्या, मुकुट, गदा, पोलिसांचे ड्रेस, वकिलाचे कोट, सगळं आहे. आजकाल सीताबर्डीकडे फॅन्सी ड्रेसवाले खूप झालेत, शाळेच्या गॅदरिंगसाठी ठीक आहेत ते, पण तिथला अंगरखा चमचम सॅटिनचा असतो, लाइट पडला की मावळा मिठाईच्या डब्यासारखा दिसतो. काकांचा माल जाड सुती, रफू केलेला, जवळून पाहिला तर जुनाट वाटेल पण दहाव्या रांगेतून पाहा. आणि माप घेतात हो. टोपासाठी डोक्याभोवती दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची, प्रत्येक नटाचा दोरा वेगळा. मी गावाहून बारा दोरे कागदाच्या पुड्यात नावं टाकून आणतो आणि काका एकेक दोरा लाकडी डोक्यावर लावून टोप काढून देतात. या कामात त्यांची आजपर्यंत चूक झालेली नाही.

चूक झाली ती मोजड्यांत. तीन वर्षांपूर्वी आमच्या सेनापतीच्या पेटीत दोन्ही मोजड्या डाव्या पायाच्या निघाल्या. कळलं कधी तर रात्री नऊला, मेकअप झाल्यावर. आता त्या वेळी भिवापूरला कोण मोजड्या देऊन रायलं? पोट्ट्यानं उजवा पाय तसाच डाव्या मोजडीत कोंबला आणि तीन अंक लंगडत लंगडत तलवार चालवली. सकाळी हॉटेलवर एक म्हातारबा म्हणतात कसे, "लंगड्याची ॲक्टिंग एक नंबर झाली गा!" मी परत करायला आलो तेव्हा तणतणत आलो होतो, काकांनी शांतपणे पन्नास रुपये कापून दिले आणि वर म्हणाले जोडी तुम्ही पाहून न्यायची ना बाप्पा. म्हणजे चूक आपलीच. तेव्हापासून मी जिन्यातच सगळी पेटी उघडतो.

रेटचं म्हणाल तर मागच्या सीझनला ऐतिहासिकचा पूर्ण सेट अडीचशे रुपये रात्रीचा, पोलीस ड्रेस दीडशे, जिरेटोप शंभर, डिपॉझिट दोन हजार. घासाघीस चालत नाही, पण हौशी मंडळाला दुसऱ्या दिवशी परत आणलं नाही तरी एक दिवस जास्त धरत नाहीत, कारण "हौशीले झोप काढायची असते" असं त्यांचं मत आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत शहरातले ग्रुप येतात तेव्हा मात्र तुम्हाला थांबावं लागेल. आणि शिवजयंतीच्या आठवड्यात तर जाऊच नका, १९ फेब्रुवारीला अख्ख्या नागपुरात कोणाकडेच जिरेटोप उरत नाही. मंडईसाठी दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी नोंदवा. फोन ते उचलत नाहीत, उचलला तर ऐकू येत नाही.

खरी गंमत मला चौथ्या का पाचव्या वर्षी कळली. पाऊस होता, दुकानात कोणी नव्हतं, काकांनी वरच्या फळीवरून लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या काढल्या, त्यांच्या वडिलांपासूनच्या, आणि गावाचं नाव शोधून बोट ठेवलं. आमच्या मंडळाचा इतिहास ना आमच्याकडे आहे ना ग्रामपंचायतीत, तो इथं पडून आहे, भाड्याच्या हिशेबात. सुरुवातीच्या पानांवर मुकुट ४, गदा १, धनुष्य २, राक्षसाची मिशी १. म्हणजे तेव्हा पौराणिक. मग मुकुट कमी होत जातात आणि अंगरखे येतात, ढाली येतात. पुढे एकदम वकिलाचा कोट १, इन्स्पेक्टर ड्रेस १, काळा गॉगल १, म्हणजे सामाजिक नाटकं गावात शिरली. एका पानावर तर "गॉगल हरवला, वळता केला" असं लिहून मंडळाच्या खजिनदाराची सही आहे, तो खजिनदार म्हणजे माझा सख्खा मोठा काका, घरी आजपर्यंत कबूल करत नाही. आणि प्रत्येक नोंदीखाली पेटी कशी पाठवली ते, "इतवारीहून छोट्या गाडीनं". नागभीडची नॅरोगेज रेल्वे. २०१९ च्या नोव्हेंबरात ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली आणि तेव्हापासून पेटी माझ्या मित्राच्या बोलेरोत जाते. २०२० च्या दिवाळीचं पान कोरं आहे, कोरोनात नाटकच नव्हतं कोणाचं, काकांनी तरी तारीख टाकून रेघ मारून ठेवली आहे. २०१४ ला कोर्टानं पट बंद केले होते तेव्हापासून पटाच्या नोंदी गायब, त्या २०२१ च्या शेवटी परवानगी मिळाल्यावर परत दिसतात. बैल थांबले की आमची मोजडी पण थांबते, हे मी त्या वहीत पाहिलं.

एक नोंद मात्र जुन्या पानांवर सगळीकडे होती, नऊवारी २, गंगावन (खोटे केस) २, पोलकं पुरुष साइज. बायकांची कामं पोट्टेच करायचे. नंतर ती ओळच गेली, कारण मंडळ नागपूरहून लेडीज आर्टिस्ट बोलावू लागलं आणि त्या आपली ड्रेपरी आपणच आणतात. गावातली बाई स्टेजवर, हा विषय मीटिंगमध्ये निघाला की खुर्च्या सरकायच्या. पैशाचाही प्रश्न होताच, आर्टिस्टच्या मानधनातच अर्धं तिकीट जायचं आणि शाळेला घड्याळ.

तर यंदा मी दोऱ्यांचा पुडा घेऊन गेलो, काका चष्मा पुसत लिहायला बसले. अंगरखे ५, शेले ५, पगड्या ३. मी म्हटलं नऊवारी १, गंगावन १, पोलकं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणत्या पोट्ट्यासाठी? छातीचं माप सांग."

म्हटलं पोट्ट्यासाठी नाही काका, आमच्या पोलीस पाटलांची सून करून रायली. तालीम चालू आहे, सासरे रोज टॉर्च घेऊन न्यायला येतात.

काका थांबले. आतल्या खोलीत गेले, पाच मिनिटं पेट्यांचे आवाज, आणि एक हिरवी इरकली नऊवारी घेऊन आले, कोऱ्या घडीची, ती त्यांनी याआधी मला कधी दाखवलीच नव्हती. मग वहीत लिहिलं, नऊवारी १, गंगावन १, पोलकं, आणि "पुरुष साइज" लिहायला गेलेला हात थांबवून पुढे लिहिलं, "बाईचं".

डिपॉझिट तेवढंच घेतलं, दोन हजार. मोजड्या जिन्यात तपासल्या, जोडी बरोबर होती.