थिंकपॅड एक्स१३एसवरील यूएसबी: लिनक्सचा डीडब्ल्यूसी३ ड्रायव्हर

इंटेलच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना यूएसबी कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये चालेल, याचा विचार सहसा कोणी करत नाही. लेनोव्होच्या २०२२ सालच्या थिंकपॅड एक्स१३एसमध्ये मात्र क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८सीएक्स जेन ३ चिप आहे, आणि तिच्यात सिनॉप्सिसचा डीडब्ल्यूसी३ हा मोबाइल फोनमध्येही सर्रास आढळणारा कंट्रोलर आहे. टाइप-सी पोर्टमागचा असा कंट्रोलर पेनड्राइव्ह वाचणारा होस्ट होऊ शकतो, तसेच दुसऱ्या संगणकाला जोडलेले उपकरणही होऊ शकतो. त्याची भूमिका जीसीटीएल रजिस्टरमधील (कंट्रोलरच्या आतल्या सेटिंगच्या जागेतील) दोन बिटांवर ठरते आणि ते बिट लिहिण्याचे काम ड्रायव्हरचे असते.

लिनक्समध्ये हा निर्णय डिव्हाइस ट्रीमधील, म्हणजे यंत्रातील हार्डवेअरचे वर्णन कर्नेलला देणाऱ्या फाइलमधील, डीआर_मोड या एका ओळीवर सोपवला आहे. तिचे मूल्य होस्ट, पेरिफेरल (म्हणजे उपकरण) किंवा ओटीजी (म्हणजे दोन्ही भूमिका बदलत्या) असू शकते. एक्स१३एसच्या फाइलमध्ये, तिचा कर्नेलमध्ये समावेश झाला तेव्हा, टाइप-सी कनेक्टरचे वर्णन अपुरे असल्याची टीप ठेवून दोन्ही पोर्ट सरळ होस्ट केले गेले. तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण लॅपटॉपच्या पोर्टला माउस, डिस्क आणि डॉक जोडले जातात, आणि ते पहिल्या दिवसापासून चालणे भूमिका बदलण्याच्या सोयीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

ड्रायव्हरची खरी उणीव डीआर_मोडची ओळच नसते तेव्हा दिसते. कर्नेल दोन्ही भूमिकांसाठी बांधलेला असेल, तर ड्रायव्हर ओटीजी गृहीत धरतो. पण कंट्रोलरच्या ३.३०ए आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ओटीजीची सोय नाही, म्हणून भूमिका बदलणारी यंत्रणा जोडलेली नसेल तर तो पेरिफेरलकडे वळतो आणि सुरुवातीला मोड बदलल्याची एकच इशारेवजा ओळ छापतो. ती ओळ नजरेतून सुटली, तर पेनड्राइव्ह लावूनही कर्नेलच्या नोंदींत नवी ओळ उमटत नाही, आणि वापरणारा केबल, वीजपुरवठा किंवा फर्मवेअर यांच्यावर संशय घेत बसतो. डिबगएफएसमधील (कर्नेलची अंतर्गत माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीतील) मोड नावाची फाइल वाचली तर सद्यःस्थिती कळते. मात्र मूळ मोड ओटीजी नसेल, तर त्या फाइलमध्ये लिहिलेली आज्ञा कोणतीही चूक न दाखवता स्वीकारली जाते आणि प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. इतक्या परिपक्व ड्रायव्हरने अशा आज्ञेवर एक स्पष्ट इशारा छापायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

याच लॅपटॉपवर चालणाऱ्या ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मार्ग याहून साधा आहे. उपकरण मोडला आपला आधार नाही, हे त्याच्या ड्रायव्हरमध्ये टिपेच्या रूपात लिहिलेले आहे आणि त्याखालच्या ओळी जीसीटीएलमध्ये होस्टचेच मूल्य भरतात. डिव्हाइस ट्री अपुरी असली तरी मोडच्या बाबतीत पोर्ट अडत नाही. याची किंमत अशी की, लॅपटॉपला केबलने दुसऱ्या संगणकाशी जोडून यूएसबी नेटवर्क कार्ड किंवा सीरियल कन्सोलसारखे वापरता येत नाही. कर्नेलवर काम करणाऱ्याला ही सोय मोलाची असते, आणि ती देण्याची क्षमता लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे.

एक्स१३एसमधील तिसरा, अनेक पोर्ट सांभाळणारा कंट्रोलर केवळ होस्ट म्हणूनच चालतो. बोटांच्या ठशांचा वाचक हे आतले उपकरण त्याच्यावर आहे, आणि मुख्य कर्नेलमध्ये त्याचा आधार बराच नंतर आला. त्यामुळे या लॅपटॉपसाठी जुना कर्नेल निवडू नये.

रोजच्या कामासाठी लिनक्सचा ड्रायव्हर मी निःसंकोच सुचवेन, कारण एक्स१३एसची डिव्हाइस ट्री काळजीपूर्वक लिहिलेली आहे. अशाच एआरएम चिपच्या ज्या दुसऱ्या लॅपटॉपची डिव्हाइस ट्री नुकतीच तयार होत आहे, त्यावर मात्र प्रत्येक टाइप-ए पोर्टच्या कंट्रोलरला होस्ट हा मोड स्पष्टपणे लिहावा, आणि टाइप-सी कनेक्टरचे वर्णन पूर्ण होईपर्यंत ओटीजी वापरू नये.