निपाणीतली जुनी तंबाखूची वखार ॲम्ब्युलन्स स्टेशनसाठी चालेल का? पाहणी करून घेतली त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय, तो का ते खाली येईलच, पण ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, जुनी बिल्डिंग घेऊन त्यात कायतरी नवीन सुरू करायचं असेल तर या बेळगावच्या इंजिनियर टीमला बोलवा, पैसे वसूल होतात.

आमचं मंडळ निपाणीत लोकवर्गणीतून दोन ॲम्ब्युलन्स चालवतं, एक ट्रॅव्हलर आणि एक ईको. सरकारी १०८ आहेच, कर्नाटकात ती २००८ पासून आहे, पण हायवेचं गाव म्हटल्यावर एका वेळी एकच ॲक्सिडेंट होईल असं कुठं लिहिलंय, तवंदी घाटात ट्रक उलटलेला असतो आणि त्याच टायमाला कोगनोळीकडं दुचाकीवाला पडलेला असतो. आतापर्यंत गाड्या एका सभासदाच्या पेट्रोल पंपामागं उभ्या, ड्रायव्हर बाकड्यावर झोपणार, ऑक्सिजनचे सिलिंडर दुसऱ्याच्या दुकानात. मग एका जुन्या तंबाखू व्यापाऱ्याच्या घरच्यांनी वखार कमी भाड्यात द्यायची तयारी दाखवली आणि सगळे हरखले, दगडी वखार, मोठ्ठी जागा, गावात, अजून काय पाहिजे. मंडळात दोन गट पडले. एक म्हणतोय रंग मारा आणि चालू करा, दुसरा म्हणतोय आधी इंजिनियर आणा. दुसऱ्या गटात खजिनदार होता म्हणून इंजिनियर आला नाहीतर आला नसता.

बिल्डिंग समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. मागची वखार जुनी, काळ्या दगडाच्या दीड-दोन फूट जाड भिंती, चुन्यात बांधलेल्या, वर सागवानी कैच्या (छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, आत जायला बैलगाडीसाठी केलेली दगडी कमान. पुढच्या बाजूला रस्त्याला लागून नंतर केव्हातरी काढलेले तीन गाळे, आरसीसी कॉलम, स्लॅब, शटर, वर पेढीची खोली. आणि कडेला एक अरुंद मोकळं अंगण ज्यात आता भंगार आणि एरंडाची झाडं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात हिशोब असा होता की पुढचं सिमेंटचं म्हणजे पक्कं, ते ठेवायचं, वर स्टाफला झोपायला खोली, आणि मागच्या जुन्यापुराण्यात कमान फोडून गाड्या घालायच्या.

टीम बेळगावहून आली, एक सिनियर साहेब आणि एक ज्युनियर मॅडम, सोबत दोन पोरं मशीन घेऊन. साहेब धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे पण मराठी झक्कास. आल्या आल्या बिल्डिंगकडं बघितलंच नाही त्यांनी. रस्त्यात उभे राहिले, म्हणाले तुमची मोठी गाडी आणि ड्रायव्हर बोलवा. आम्ही म्हटलं साहेब आधी चहा घ्या, तर चहा हातात घेऊन रस्त्यातच. ट्रॅव्हलर आली. म्हणाले आत घाला. ड्रायव्हरनं कमानीपर्यंत नेली आणि थांबला, "साहेब, बसत न्हाई ओ हे."

आता हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण आम्ही कमानीची मधली उंची मोजून खूश होतो की दहा-पंधरा सेंटीमीटर खणलं की जाईल. साहेबांनी टेप लावून दाखवलं की कमान मधे उंच असते आणि कडेला खाली उतरते, गाडीचं टप मात्र चौकोनी, त्यामुळं पहिल्यांदा टपाचे दोन्ही कोपरे घासणार, आणि वर दिवा आहे तो वेगळाच. मग कमान फोडायची तर? म्हणाले फोडता येते, पण तिच्यावर अख्ख्या भिंतीचं आणि कैचीचं वजन आहे, आधी वरच्या दगडात आडवे गर्डर घुसवून, खाली टेकू देऊन, मग दगड काढायचे, मग लोखंडी फ्रेम बसवायची, आणि एवढं करून तुम्हाला काय मिळणार तर एकच गाडी आत जाणारा दरवाजा, ज्यातून दुसरी गाडी पुढची हलल्याशिवाय निघणार नाही. इथंच आमचा अर्धा प्लॅन गेला.

मग त्यांनी कॉल आल्यापासून गाडी रस्त्याला लागेपर्यंतचा वेळ मोबाईलवर लावून बघितला. ड्रायव्हरला वरच्या पेढीच्या खोलीत बसवलं, खालून हाक मारली, पळत ये म्हणाले. जिना सरळसोट, एकेक पायरी फुटाच्या जवळपास उंच, वर लाकडी दारं. बिचारा उतरता उतरता दोनदा कठडा पकडत आला. साहेबांनी वहीत लिहिलं, स्टाफची खोली खालीच, गाडीच्या दाराजवळ, आणि गाडी कायम तोंड रस्त्याकडं करून उभी, मागं घालायचं ते परत आल्यावर निवांत, निघताना रिव्हर्स नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी परत येऊन बघणार म्हणाले आणि खरंच आले, कारण त्या दिवशी पुढच्या रस्त्यावर भाजीवाले बसतात आणि ट्रॅव्हलर तर सोडा, ईको पण मुंगीच्या पावलानं निघते. यावर त्यांचं म्हणणं असं की बिल्डिंग कितीही मजबूत असू दे, बाजाराच्या दिवशी गाडी बाहेर पडत नसेल तर ते ॲम्ब्युलन्सचं गोडाऊन झालं, स्टेशन नाही. नगरपालिकेकडून गेटसमोरचा पट्टा मोकळा ठेवण्याचं लेखी घ्या, त्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका हे रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर आहे, भिंतीबिंती सगळं नंतर. मला ही सर्व्हिस आवडली ती यासाठी.

आता टेस्टिंगचं. पुढच्या गाळ्यांच्या कॉलमवर रिबाउंड हॅमर मारला तर आकडे चांगले आले, आमचे रंग-मारा गटवाले लगेच हसायला लागले. मॅडमनी शांतपणे समजावलं की हा हॅमर फक्त वरच्या कातडीचा कडकपणा सांगतो, आणि जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून वरचा थर उलट जास्त कडक होतो, त्यामुळं आकडा फसवतो. मग अल्ट्रासॉनिकचं मशीन लावलं, लाटेचा वेग काढतात त्यात, सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली गेला की काँक्रीटबद्दल शंका घ्यायची, आमच्या दोन कॉलमला खालीच आला. आणि मग गंमत, कॉलम थोडा फोडून ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारलं. चांगलं काँक्रीट असेल तर गुलाबी होतं. आमचं सळीच्या मागपर्यंत पांढरंच राहिलं, म्हणजे सळीला गंजापासून वाचवणारा अल्कलीपणाच संपलाय. स्लॅबच्या खालून तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा पोपडा सुटलेला, आत सळी फुगून तांबडी. कॉलममधून कोअर (मशीननं कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढून लॅबला पाठवले ते पुढं आले, त्यातही तेच.

आणि मागची वखार, जिला आम्ही पडीक धरून बसलो होतो, ती पास! म्हणजे अटी आहेत पण पास. कैच्यांचं लाकूड खणखणीत, फक्त भिंतीत घुसलेली दोन टोकं वाळवीनं खाल्लीत. तिथं पूर्वी हमाली केलेले एक मामा बघायला आलेले, ते म्हणाले "एक्क्याऐंशी साली तंबाखूच्या आंदोलनात हायवे अडवला तवा हितं कौलाला टेकस्तोवर तंबाखूची बोदं रचल्याली, भिंत हलली न्हाई." साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले मामा, बोदं खाली दाबतात, भूकंप आडवा ढकलतो. मग त्यांनी सांगितलं की आपला भाग २०१६ च्या भूकंप कोडमध्ये झोन तीनमध्ये येतो, कोयना (१९६७) इथून काही फार लांब नाही, आणि भूकंपाच्या जोराला बिल्डिंगच्या महत्त्वाप्रमाणे एका आकड्यानं गुणतात, तो साध्या वखारीला एक धरतात पण हॉस्पिटल, फायर स्टेशन असल्या बिल्डिंगला दीड धरतात, कारण भूकंप झाल्यावर त्याच चालू राहायला पाहिजेत. ॲम्ब्युलन्स आतच गाडल्या गेल्या तर उपयोग काय. म्हणून त्यांनी आमचा हिशोब दीडनंच केला. दगडी भिंतीत बाहेरचा थर आणि आतला थर वेगळा असतो, मधे भर भरलेली, दोन्हीला बांधणारे आरपार दगड कमी असले की थर सुटतात, १९९३ ला लातूर-किल्लारीकडं अशाच भिंती उघडल्या होत्या. उपाय म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार भोक पाडून सळी-काँक्रीटचे टाके घालायचे, आणि कौलाच्या खाली चारी बाजूनं पट्टा. खर्चिक आहे, पण कमान फोडण्यापेक्षा बरं.

पायाजवळ खड्डा काढून बघितला तर काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं कोपऱ्यातली भेग उन्हाळ्यात रुंद दिसते. भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख घातलीय, काच तडकली की भेग अजून चालू आहे असं समजायचं आणि मग पायाचं काम. पावसाळ्यानंतर ते परत येऊन बघणार.

तर रिपोर्टचा निष्कर्ष आमच्या प्लॅनच्या बरोबर उलटा. पुढचे गाळे पाडा, ती जागा आणि कडेचं अंगण मिळून गाड्यांसाठी लोखंडी शेड घाला, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, प्रत्येकीला स्वतःचा रस्ता. वखारीत कमानीला हात न लावता स्टाफची खोली, औषधं, सिलिंडर. मोडणार तेच ठेवायचं आणि टिकणारं फोडायचं असं आम्ही ठरवून बसलो होतो, गाळ्यांच्या भाड्याची आशा असलेल्या लोकांना हे पचायला वेळ लागला, अजून एक जण रुसलाय.

अजून एक गोष्ट यांनी बरोबर पकडली, भिंतींच्या गिलाव्यात तंबाखूची भुकटी मुरलीय, दार उघडलं की शिंका. म्हणाले सगळा गिलावा खरवडा आणि परत चुन्याचाच करा, सिमेंटचा केला तर दगडी भिंतीतली ओल बाहेर पडणार नाही आणि पोपडे येतील. ऑक्सिजनच्या खोलीत ही भुकटी अजिबात नको, तेल-ग्रीस नको, सिलिंडर उभे आणि साखळीनं बांधलेले, वरती-खाली हवा जायला जाळी.

आता कापलेला स्टार. इलेक्ट्रिकचा भाग म्हणजे अर्ध्या पानात गुंडाळलाय. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग काढा, हेस्कॉमकडून (इथली वीज कंपनी) लोड वाढवून घ्या, झालं. अरे पण गाडीतल्या व्हेंटिलेटर, सक्शन, मॉनिटर यांच्या बॅटऱ्या उभ्या गाडीत चार्ज करायला शेडमध्ये पॉइंट कुठं, लाइट गेल्यावर काय, काही नाही. गाडी धुतल्याचं पाणी कुठं सोडणार हे पण त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, आमच्या सिस्टरनी विचारलं तेव्हा. रक्त-उलटी धुतलेलं पाणी बाजाराच्या उघड्या गटारीत सोडणार का? नंतर त्यांनी उताराची फरशी, वेगळी टाकी असं एक पान जोडून दिलं, पण विचारल्यावर. आणि पूर. २०१९ ला आणि २०२१ ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा कोल्हापूरचा रस्ता बंद होता, पेशंटला बेळगावलाच न्यायला लागायचं, म्हणजे चाळीसच्या जागी पंच्याहत्तर किलोमीटर. अशा दिवसांसाठी जादा सिलिंडर किती ठेवायचे, डिझेल कुठं, त्याला जागा किती, हे स्टेशनच्या प्लॅनमध्ये यायला पाहिजे होतं. बेळगावच्या टीमला सांगायला लागू नये हे.

रिपोर्ट इंग्रजीत येतो, नगरपालिकेसाठी कन्नडमधे दोन पानं देतात, मागितलं तर मॅडम मराठीत समजावून पण सांगतात फोनवर, कंटाळत नाहीत. यायला मात्र कबूल केलेल्यापेक्षा बराच उशीर. फी आमच्या दोन्ही गाड्यांच्या महिन्याच्या डिझेलपेक्षा जास्त पडली, लॅबचा खर्च वेगळा. जागेची कागदपत्रं हे बघत नाहीत, सीटीएस उतारा, ई-खाता, वारसांच्या सह्या ते तुमचं तुम्ही वकिलाकडून, आमच्या मालकांच्या घरात एवढे वारस आहेत की तोच एक वेगळा रिव्ह्यू होईल.

बोलवणार असाल तर दोन गोष्टी आधीच लेखी घ्या. कोअर काढलेली भोकं नॉन-श्रिंक ग्राउटनं (सुकल्यावर न आकसणारा मसाला) बुजवून देणार का, आमच्याकडं एक तसंच उघडं ठेवून गेले होते, फोन केल्यावर पोरगा पाठवला. आणि पावसाळ्यानंतरची काचपट्ट्या बघायची व्हिजिट याच फीमध्ये धरलीय का, कारण आमच्या कोटेशनमध्ये ती लिहिलेली असूनसुद्धा त्यांच्या ऑफिसातून जादा पैशाचा मेसेज आला होता, कोटेशनचा फोटो पाठवला तेव्हा गप्प बसले.