गिअरबॉक्सचा ऊंऽऽ आवाज : बेअरिंग बदलल्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा

गिअरबॉक्सचे बेअरिंग बदलले त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटून गेला. गाडी सात सीटची, डिझेल, मागच्या चाकांवर ओढणारी. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून पुलगाव, वर्धा, अधूनमधून नागपूर, असं तिचं चालणं. काम ताजं असतं तेव्हा सगळंच छान वाटतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता सांगतो, काम टिकलं. पण बेअरिंगपेक्षा आवाज कसा शोधला ते सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण पैसे तिथेच वाचले.

आवाज बारीक आणि ताणलेला होता, गाडीच्या वेगाबरोबर चढत जाणारा. एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडीची एक चक्कर मारून सांगितलं, गिअरबॉक्स गेला, अख्खा बदला. ऑईलसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात एक बरी बैलजोडी आली असती. मग गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पान्हा उचललाच नाही. म्हणाले, "भाऊ, आवाज कवा येते अन् कवा जाते ते पाहू आधी. खोलाले का लागते!" आणि शेजारी येऊन बसले.

विरुळजवळून समृद्धीवर चढलो. सिमेंटच्या रस्त्यावर टायर मुळातच जास्त गाजतात, त्यामुळे तिथला आवाज ऐकून कोणाचीही फसगत होते. खाली उतरून डांबरी रस्त्याला लागलो तर टायरची घरघर कमी झाली, पण ऊंऽऽ तसाच राहिला. म्हणजे टायर नाही. मोकळा रस्ता बघून गाडी हळूच डावी-उजवीकडे झुलवली. चाकाचं बेअरिंग खराब असेल तर गाडीचा भार त्या चाकावर गेला की आवाज वाढतो, उतरला की कमी होतो. इथे काहीच फरक पडला नाही.

खरी उकल झाली ती पुढे. मिस्त्रींनी पन्नासचा वेग धरायला सांगितला आणि त्याच वेगात तिसरा, मग चौथा गिअर टाकायला लावला. तिसऱ्यात आवाज चांगला मोठा. चौथ्यात जवळजवळ गायब. पाचवा टाकला की परत हजर. आवाज मागच्या हौसिंगचा, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या क्राउन-पिनियन या दातेरी जोडीचा असता, तर वेग तोच असताना कुठल्याही गिअरमध्ये तो सारखाच आला असता. फक्त ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलला असता. आमच्या गाडीत चौथा गिअर थेट आहे. इंजिनचा जोर गिअरबॉक्सच्या वरच्या शाफ्टमधून, म्हणजे फिरत्या दांड्यातून, सरळ मागे जातो, खालचा जोडदांडा म्हणजे काउंटर शाफ्ट फिरतो खरा, पण त्याच्यावर ओढ नसते. बाकी सगळ्या गिअरमध्ये जोर काउंटर शाफ्टवरून जातो. म्हणजे चौथ्यात आवाज बसत असेल, तर दुखणं खालच्या शाफ्टचं.

तरी खात्रीसाठी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं. न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढला की तोच सूर हलका ऐकू येई. क्लच पूर्ण दाबला की आतले शाफ्ट थांबत आणि सूर बंद होई. उलट झालं असतं, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर गेला असता. ही परीक्षा घरच्या अंगणात कोणालाही करता येते. गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधी प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं. एक लक्षात ठेवा, रिव्हर्समध्ये बऱ्याच गाड्या अशाच रडतात. त्या गिअरचे दाते बहुधा सरळ कापलेले असतात. तो बिघाड नव्हे.

मग ऑईल काढलं. आधी वरचा भरायचा नट सैल करून पाहिला आणि मगच खालचा खोलला. वरचा अडकून बसला आणि खालून ऑईल निघून गेलं तर नवीन भरणार कुठून? खाली ठेवलेल्या घमेल्यात जे पडलं ते दूध घातलेल्या चहासारखं होतं. "पानी शिरलं जी यात. रपट्यावरून जाते ना गाडी?" जाते. आमच्या गावाला दुसरा रस्ता नाही आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी रपट्यावरून वाहतंच.

पुलगावहून तापून आलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. हवा घ्यायला वर ब्रीदर असतो. आमचा काळ्या मातीच्या गाळाने बुजला होता, म्हणून पाणी मागच्या ऑईल सीलमधून आत आलं. खालच्या नटाच्या चुंबकावर करडा लगदा होता. तेवढा नेहमीचाच, पण त्यात चमकणारे कणही होते. काउंटर शाफ्टचं बेअरिंग बाहेर काढून धुतलं. रोलर जिथून फिरतात त्या पट्टीवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते, नख फिरवलं की लागत होते. दाते मात्र शाबूत.

बेअरिंग, सील, ऑईल, मजुरी सगळं धरून बारा हजारांच्या आत भागलं. शाफ्टची ढील शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून बसवायला मिस्त्रींनी अख्खी दुपार घेतली आणि मी घाई केली नाही. ऑईल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच घेतलं, जीएल-४ या दर्जाचं गिअर ऑईल. दुकानदार जीएल-५ ला भारी म्हणून पुढे करत होता. ते मागच्या हौसिंगला योग्य, पण त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांना, खाऊ शकतात. ब्रीदरला ऑईल सोसणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली बॅटरीच्या उंचीपर्यंत नेली आणि तोंड खाली वळवलं. मागच्या हौसिंगलाही तसंच केलं. या सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही नळी, आणि किंमत तिचीच सर्वांत कमी.

मे महिन्याच्या उन्हात नागपूरपर्यंत सलग गाडी चालवली, आवाज नाही. पावसाळ्यात रपट्यावरून ये-जा झालीच. पाणी बंपरला लागत असेल तर मात्र थांबतो, वाहत्या पाण्यात गाडीपेक्षा माणसाची काळजी आधी. पोळ्यानंतर भरायचा नट उघडून बोट घातलं, ऑईल स्वच्छ, दुधाळपणाचा मागमूस नाही. गिअरही थंडीत आता पूर्वीसारखे अडत नाहीत.

पूर्ण गप्प झाला असं मात्र म्हणणार नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर भरल्या गाडीला अजून किंचित सूर येतो. जुने दाते नव्या बेअरिंगवर थोडे वेगळे बसतात, त्याचा तो आहे. वाढला तर तिसऱ्याची जोडी बदलावी लागेल असं मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलंय. अजून तरी वाढलेला नाही.