स्तनवृद्धीनंतरची विश्रांती : नागपुरात खोली घेऊन की गावच्या घरी?

स्तनवृद्धीच्या शस्त्रक्रियेचा निर्णय झाला आहे, डॉक्टर ठरले आहेत, इम्प्लांटची निवडही झाली आहे, आणि दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर राहायचे कुठे एवढाच प्रश्न उरला आहे, अशा गावाकडच्या बायकांसाठी मी हे लिहीत आहे. माझी एक बाजू वयात येतानाच नीट वाढली नव्हती. तिच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मी लगेच हिंगणघाट तालुक्यातल्या सासरी परतले. पुढे काही वर्षांनी, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करते ते आवळून कडक झाल्यामुळे इम्प्लांट बदलावे लागले, आणि त्या खेपेला मी टाक्यांची तपासणी होईपर्यंत नागपुरात धंतोलीजवळ खोली घेऊन राहिले.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी दोन्हीकडे सारखीच आहे, तरी एक गोष्ट आपल्या भागात आवर्जून सांगावी लागते. खर्रा, गुडाखू किंवा तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर किमान 4 आठवडे आधी बंद करावी आणि जखम भरेपर्यंत तिला हात लावू नये, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. हे डॉक्टरांपासून लपवू नये. ॲस्पिरिन असो की वैदूने दिलेली पुडी, जे काही पोटात जात असेल ते सगळे त्यांना सांगावे. मोसमाचे म्हणाल तर मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, छातीला घट्ट आधार देणारी ब्रा रात्रंदिवस घालून राहणे फार जड जाते. हिवाळा बरा, पण तेव्हा कापसाची वेचणी असते आणि घरातला एकेक हात मोलाचा असतो.

घरची बाजू कमी लेखण्यासारखी मुळीच नाही. जाऊबाईंनी चूल सांभाळली, सासूबाईंनी वेळेवर गरम वरण-भात दिला, आणि रात्री कण्हले तरी कोणीतरी उठून यायचे. नागपुरात भाडे, डबा आणि ऑटो यांवर सतत पैसे जात होते, सोबतीला थांबलेल्या यजमानांचे शेतावरचे काम अडले होते, आणि संध्याकाळी लेकराच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा. अर्थात 4 ते 6 आठवडे जड उचलायचे नसते, आणि घरी असताना कडेवर घे म्हणून हात पसरणाऱ्या लेकराला नाही म्हणणे त्याहून अवघड होते, हेही खरे.

नागपूरच्या पारड्यात पहिले वजन पडते ते सुरुवातीच्या एकदोन दिवसांचे. या काळात एकच बाजू अचानक फुगून ताठरली आणि ठणका वाढत गेला, तर आत रक्त साचलेले असू शकते, आणि तसे असेल तर पुष्कळदा तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. धंतोलीहून दवाखाना ऑटोने जाण्याइतका जवळ होता. गावाहून आधी गाडी शोधायची, मग जाम, बुटीबोरी करत पोहोचायचे. माझ्यावर तशी वेळ आली नाही, परंतु गावच्या घरी रात्री सूज चाचपून पाहताना हे अंतर सारखे मनात यायचे.

मात्र माझ्यापुरता निकाल लागला तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण म्हणजे भेटायला येणारी माणसे. माझे इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवलेले असल्यामुळे हातावर भार देऊन उठणे, हात खांद्याच्या वर नेणे आणि पुढे वाकणे या तीन हालचाली काही आठवडे टाळायला सांगितल्या होत्या. सासरच्या घरात एखादी ज्येष्ठ व्यक्ती ओसरीवर आली की सुनेला नेमक्या याच तीन हालचाली कराव्या लागतात: बाजेच्या झोळातून हात टेकून उठायचे, डोक्यावर पदर ओढायचा आणि वाकून पाया पडायचे. कसले ऑपरेशन हे कोणाला सांगितलेले नसल्यामुळे ‘मला वाकता येत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती, आणि नुसते पडून राहावे तर सासूबाईंना चार माणसांत ऐकून घ्यावे लागले असते. येणारे सारे मायेने यायचे, कोणी संत्री आणायचे, कोणी गूळ, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी दोष देणार नाही. पण पदर ओढताना छातीत उठणारी कळ आणि टाका तर उसवला नाही ना ही धास्ती, हे दिवसातून कितीदा तरी व्हायचे. नागपुरात मी समोरून बटणांचा गाऊन घालून, पाठीशी उशा रचून अर्धवट बसल्यासारखी झोपू शकत होते, आणि कोणासाठी उठावे लागत नव्हते. दुसऱ्या खेपेला दुखणे लवकर ओसरल्यासारखे वाटले. शस्त्रक्रिया दोन्ही वेळी सारखी नव्हती, त्यामुळे याचे सारे श्रेय खोलीला देता येणार नाही, तरी मला त्यात तिचा मोठा वाटा दिसतो.

ज्यांच्या घरी पदराची आणि पाया पडण्याची रीत उरलेली नाही, किंवा ज्यांनी घरात सगळे मोकळेपणाने सांगितले आहे, त्यांना कदाचित गावचे घरच अधिक मानवेल. बाकीच्यांनी शक्य असेल तर निदान टाक्यांची तपासणी होईपर्यंतच्या भाड्याचे पैसे शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरावेत, असे मी सुचवीन. तेवढे जमत नसेल तर सासरऐवजी माहेरी जावे. तिथेही नागपूर लांबच राहते, म्हणून पहिले दोन दिवस दारात गाडी तयार असेल अशी व्यवस्था भावाकडून आधीच करून घ्यावी, आणि बाजेऐवजी उंच, कडक पलंग मागून घ्यावा. पण माहेरी लेकीला डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही.