केबल कनेक्शन १४ महिने वापरून झाल्यावर: चित्र छान, माणसं चांगली, पण चॅनल कधी गायब होतील याचा नेम नाही

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये आणि ज्या चॅनलवाल्यांशी त्यांचं भांडण झालं त्यांचंही नाही. हेच तुमच्या गावात दुसऱ्या नावाने होऊ शकतं, त्यामुळे नावापेक्षा काय झालं ते वाचा.

आम्ही कराडला राहतो. घरात मी, नवरा, दोन मुलं आणि सासरे, म्हणजे अप्पा. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला तो पूर्ण काही परत आला नाही. हे सगळं सांगायचं कारण असं की आमच्याकडे टीव्ही टाइमपाससाठी नाही चालत, अप्पांचा अख्खा दिवस त्या टीव्हीच्या वेळांवर लावलेला आहे. सकाळी भजन, दुपारी जुना सिनेमा, संध्याकाळी साताला बातम्या, साडेसातची मालिका संपली की जेवण आणि जेवणानंतर बीपीची गोळी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की वेळापत्रक ठेवा, आणि आम्ही ते टीव्हीवर बांधलं, कारण घड्याळ बघून त्यांना कंटाळा यायचा पण मालिका सुरू झाली की ते आपोआप ताट मागायचे.

आधी डीटीएच होतं, आठ वर्षं वापरलं. पण आमच्याकडचा पाऊस माहितीये तुम्हाला, जुलै ऑगस्टमध्ये जोर धरला की छत्रीला सिग्नल नाही आणि तेव्हाच सगळे घरात बसलेले असतात. म्हणून मागच्या वर्षी केबल घेतली. बॉक्स, वायरिंग, पहिला महिना धरून १२०० गेले आणि नंतर महिना ३४०, मराठी हिंदी पॅक आणि दोन स्पोर्ट्स चॅनल धरून. चित्राबद्दल माझी एक पण तक्रार नाही. भर पावसात चित्र एकदाही फाटलं नाही. आणि केबलवाला पोरगा म्हणाल तर सोन्यासारखा आहे, रात्री नऊला फोन केला तरी येऊन वायर बघून जातो, रिमोट खराब झाला तर स्वतःच्या दुकानातला आणून दिला, पैसे पुढच्या महिन्यात घेतले. डीटीएचच्या कॉल सेंटरला एक दाबा दोन दाबा करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पहिले सहा सात महिने मी सगळ्यांना सांगत होते की केबल घ्या.

मग तो स्क्रोल सुरू झाला. अप्पांच्या मालिकेच्या खाली एक पट्टी फिरायला लागली, की तुमच्या केबल ऑपरेटरने आमच्याशी करार केलेला नाही, तुमचे आवडते चॅनल बंद होऊ शकतात, आजच ऑपरेटरला फोन करा. आणि केबल कंपनीचं स्वतःचं एक चॅनल असतं ना, लोकल जाहिरातींचं, तिथे उलटी पट्टी, की चॅनलवाल्यांनी अवाजवी भाव मागितलाय, आम्ही तुमच्या खिशासाठी लढतोय, आम्हाला साथ द्या. दोन्हीकडे फोन नंबर होते पण नेमके कोणते चॅनल जाणार हे कुठेच नव्हतं. तारीख तर दोघांनीही दिली नव्हती. पोराला विचारलं तर तो म्हणाला वहिनी, असं दरवर्षी चालतं, शेवटच्या क्षणी सही होते, काळजी करू नका. त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्यालाही दोष देत नाही, त्याला वरून जे सांगतात तेच तो सांगणार.

एका सोमवारी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि हॉलमधून रिमोटच्या बटणांचा आवाज सतत येत होता. टक टक टक, थोडं थांबून परत टक टक टक. बाहेर येऊन बघते तर अप्पा डाव्या हाताच्या अंगठ्याने तोच तीन आकडी नंबर परत परत दाबत होते, स्क्रीन काळा आणि मध्ये निळ्या चौकोनात इंग्लिशमध्ये दोन ओळी. त्यांना इंग्लिश येत नाही. मला बघितल्यावर रिमोट खाली ठेवला, डावा हात पुढे केला आणि म्हणाले, सूनबाई, या हाताला पण काय व्हायला लागलंय का बघ गं, नंबर बरोबर लागेना.

माझ्या पोटात गोळा आला. त्यांना वाटलं होतं दुसरा हात पण जातोय. पंधरा मिनिटं ते त्या भीतीत बसून होते आणि मी आत भाकऱ्या करत होते. ज्यांनी कुठेतरी मुंबईत बसून ते चॅनल बंद केले त्यांना हे कधीच कळणार नाही, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

पाच चॅनल गेले ते ११ दिवस गेले. अप्पांना दुसऱ्या चॅनलवरची मालिका लावून दिली पण त्यात त्यांना कोण कुणाचं कोण हेच कळेना. जेवण कधी आठ तर कधी नऊ वाजता व्हायला लागलं, दोन वेळा गोळी राहिली. मुलांनी मोबाईलवर अ‍ॅपमध्ये लावून दाखवलं, पण एवढ्याशा स्क्रीनवर त्यांना दिसत नाही, आमचा टीव्ही जुना, इंटरनेटवाला नाही, आणि मुळात ज्याचे पैसे मी केबलला आधीच भरलेत त्याच मालिकेसाठी अ‍ॅपचे वेगळे पैसे का भरायचे?

त्या ११ दिवसांत मी बरंच वाचून काढलं, नवऱ्याचा एक मित्र या लाइनमध्ये आहे त्यालाही विचारलं. जे कळलं ते सांगते कारण आपल्याला हे कुणी सांगत नाही. चॅनलवाले सिग्नल कोड करून सॅटेलाइटवर सोडतात. केबल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक नेटवर्कचे डिकोडर बॉक्स असतात, करार संपला की चॅनलवाले त्यांच्या ऑफिसमधून तो डिकोडरच बंद करतात. म्हणजे आपल्या गल्लीतल्या पोराच्या हातात काहीच नसतं, त्याला शिव्या घालून उपयोग नाही. भांडण असतं ते वरच्या दोघांत. चॅनलच्या किमतीतला कमीत कमी २० टक्के वाटा वितरण करणाऱ्या कंपनीला मिळतो आणि त्यावर १५ टक्क्यांपर्यंत आणखी सूट चॅनलवाले देऊ शकतात. किंमत किती, पॅकमध्ये कोणते चॅनल घालायचे, जुनी बाकी किती यावरून दर थोड्या दिवसांनी ताणाताणी होते.

सगळ्यात मोठं झालं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, बऱ्याच जणांना आठवत असेल. ट्राय म्हणजे टीव्ही आणि फोन कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था, तिचे बदललेले नियम १ फेब्रुवारीपासून लागू झाले, पॅकमध्ये घालायच्या चॅनलची कमाल किंमत १२ वरून परत १९ रुपये झाली, चॅनलवाल्यांनी नवीन दराचे करार पुढे केले आणि मोठ्या केबल कंपन्यांच्या फेडरेशनने सही करायला नकार दिला, म्हणणं असं की बिल ग्राहकाचं वाढणार आणि शिव्या आम्ही खाणार. मग स्टार, झी आणि सोनी यांनी सही न केलेल्या कंपन्यांचे चॅनल बंद केले. फेडरेशनचं म्हणणं होतं की साडेचार कोटी घरांवर परिणाम झाला. प्रकरण केरळ हायकोर्टात पण गेलेलं. चॅनल बंद झाल्याची तारीख मला पक्की लक्षात आहे कारण १८ फेब्रुवारी, शनिवार, महाशिवरात्र होती आणि दुसऱ्या दिवशी शिवजयंती. तेव्हा आमच्याकडे डीटीएच होतं म्हणून आम्ही वाचलो, आणि शेजारचे काका दिल्लीची टेस्ट बघायला रविवारी सकाळी आमच्याकडे आले, जडेजाने सात विकेट काढल्या तेव्हा अप्पा आणि ते दोघं मिळून एवढे ओरडले की मुलं झोपेतून उठली. आठवडा व्हायच्या आत सह्या झाल्या आणि चॅनल परत आले. पण तेव्हा मी हे शेजाऱ्यांच्या घरातलं समजून सोडून दिलं, आपल्यावर येईल असं वाटलंच नाही.

आता पैशाचं. गेलेल्या पाच चॅनलचा पॅक महिना ४९ रुपयांचा. ११ दिवसांचे झाले साधारण १८ आणि वर १८ टक्के जीएसटी धरला तर २१ रुपये. मी रिचार्ज आधीच भरलेला. २१ रुपये परत मागितले तर हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, मॅडम पॅक तर चालू आहे ना, बाकीचे चॅनल दिसतायत ना. तीन वेळा तक्रार नंबर घेतला, तिन्ही वेळा क्लोज्ड असा मेसेज आला. २१ रुपयांनी माझं काही अडत नाही. पण एका तालुक्यात ५००० कनेक्शन धरली तरी लाखाच्या वर रक्कम होते, आणि चॅनलवाल्यांना देताना तर दर महिन्याच्या ७, १४, २१ आणि २८ तारखेची कनेक्शन मोजून सरासरी काढून हिशोब होतो. तिथे इतका काटेकोर मोजमाप आणि माझ्या ११ दिवसांना काहीच किंमत नाही? अमेरिकेत पण ही भांडणं होतात, तिकडे २०२५ मध्ये यूट्यूब टीव्ही या पैसे भरून चॅनल बघायच्या सेवेवरून डिस्नीचे चॅनल ३० ऑक्टोबरपासून १४ नोव्हेंबरपर्यंत गेले होते, पण तिथे कंपनीने ग्राहकांना २० डॉलरचं क्रेडिट तरी जाहीर केलं.

ट्रायच्या २०१७ च्या नियमांत चॅनल तोडायच्या आधी तीन आठवडे लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे वरच्या दोघांना तारीख तीन आठवडे आधीपासून माहिती असते. मला तीच तारीख मराठीत, मोठ्या अक्षरात, कोणते चॅनल जाणार त्या नावांसकट हवी होती. मी अप्पांना आधीच बसवून समजावलं असतं, की अमुक तारखेपासून तुमचं चॅनल थोडे दिवस नसेल, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. दोन्ही पट्ट्यांवर मला काम काय दिलं होतं, तर दुसऱ्याला फोन करून दबाव आणा. मी महिन्याला पैसे भरते, यांच्या भांडणात कुणाच्या बाजूने उभं राहायला मी कनेक्शन घेतलेलं नाही.

लोक म्हणतात बदला मग कनेक्शन. मोबाईल नंबर पोर्ट करायची सोय देशात २०११ पासून आहे, कंपनी आवडली नाही की सिम बदलतो. टीव्हीचा बॉक्स तसा नाही, या कंपनीचा बॉक्स त्या कंपनीला चालत नाही. कुठल्याही कंपनीला चालणारा बॉक्स असावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्येच केलीये, माझ्या घरातला बॉक्स अजून तसाच बांधलेला आहे. परत हजार बाराशे घाला, आणि नवीन कंपनीचा करार कधी संपतोय हे तरी कुठे लिहिलेलं असतं.

त्यानंतर चार महिन्यांनी परत झालं, दुसऱ्या नेटवर्कचं, यावेळी चार दिवस. तेव्हा आम्ही तयार होतो. स्क्रोल दिसल्या दिवशीच मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवलं, चॅनल कंपनीने बंद केलंय, रिमोट बरोबर आहे. अप्पा ते वाचून शांत बसले. चौथ्या दिवशी चॅनल परत आलं तेव्हा त्यांनी स्वतः तो कागद काढायला सांगितला.

आता काय करतो ते सांगते. केबल ठेवली आहे, कारण चित्र आणि तो पोरगा. वर्षाचा रिचार्ज ते दोन महिने फुकट देतो म्हणून मागे लागलेत पण मी घेणार नाही, महिन्याचाच भरते, आणि तुम्हालाही तेच सांगेन, कितीही सूट असू दे वर्षाचे एकदम देऊ नका, एकदा पैसे गेले की चॅनल गेल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही. मोठा पॅक सोडून अप्पांचे चॅनल सुटे घेतले, आता बिलात प्रत्येक चॅनलची किंमत वेगळी दिसते, पुढच्या वेळी पॅक चालू आहे ना हे उत्तर मला कुणी देऊ शकणार नाही. आणि गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली, सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं, महिन्याचं भाडं नाही. त्यावर अप्पांच्या मालिका नाहीत, पण सह्याद्री आहे आणि साताच्या बातम्या आहेत. दोन रिमोट झाले म्हणून फ्री डिशच्या रिमोटला लाल चिकटपट्टी लावली आहे, ती अप्पांना लांबूनही दिसते.

पाचपैकी तीन स्टार देतेय, तिन्ही चित्राचे आणि पोराचे. परवापासून खाली परत एक पट्टी फिरायला लागली आहे, यावेळीही तारीख नाही. माझा रिचार्ज ३० तारखेला संपतोय, तोपर्यंत मी पैसे भरणार नाहीये, आणि तो वहीचा कागद ड्रॉवरमधून काढून ठेवलाय.